विशालांगता : शस्त्रक्रियोत्तर हॉर्मोन-नियमनाचे मूल्यमापन

पोष ग्रंथीच्या अग्र खंडात उद्‌भवलेल्या अर्बुदातून वृद्धी हॉर्मोन अतिरिक्त प्रमाणात स्रवू लागले म्हणजे प्रौढ व्यक्तीचे हात, पाय, जबडा, नाक, ओठ व जीभ सावकाश मोठी होत जातात. या विकारास विशालांगता म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो ॲक्रोमेगॅली या नावाने परिचित आहे. हाडांची लांबी वाढणे थांबण्यापूर्वीच असे अर्बुद झाल्यास उंची बेसुमार वाढते व त्या अवस्थेस महाकायता म्हणतात. हे अर्बुद बहुधा कर्करोगाच्या स्वरूपाचे नसते. ते शस्त्रक्रियेने काढणे हा पहिल्या पसंतीचा उपचार होय.

तथापि अर्बुद काढले म्हणजे विकार संपला असे होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात : वृद्धी हॉर्मोनाचा अतिरेक खरोखर थांबला काय आणि उरलेली निरोगी पोष ग्रंथी आपली इतर कामे करू शकते काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चेहऱ्यावरून वा एखाद्याच चाचणीवरून मिळत नाहीत. प्रत्येक चाचणीला ठराविक काळ आहे. त्याआधी केलेली चाचणी दिशाभूल करते व चुकवलेली चाचणी प्रसंगी जिवावर बेतते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णाची शस्त्रक्रिया महानगरात होते. परंतु ही उत्तरे मिळण्याच्या काळात तो आपल्या गावी परतलेला असतो. म्हणून या मूल्यमापनाचे ज्ञान केवळ तज्ञांपुरते राहून चालत नाही.

नियमन-यंत्रणा : पोष ग्रंथी मेंदूच्या तळाशी, खोगिराच्या आकाराच्या अस्थिखाचेत असते. तिचे वजन सु. अर्धा ग्रॅ. व आकार वाटाण्याएवढा असतो. तिच्यावर मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते. अधोथॅलॅमसातील एक हॉर्मोन वृद्धी हॉर्मोनाचा स्राव वाढविते, तर सोमॅटोस्टॅटीन हे दुसरे हॉर्मोन तो रोखते. रक्तात आलेले वृद्धी हॉर्मोन यकृतावर क्रिया करते व तेथे ‘इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-१’ हे प्रथिन तयार होते. प्रयोगशाळेच्या अहवालात ते ‘आयजीएफ-१’ असे लिहिलेले असते. हाडे व ऊतके यांची बरीचशी वाढ या घटकामार्फत होते. त्याचे रक्तातील प्रमाण पुरेसे झाले की, तशी सूचना पोष ग्रंथी व अधोथॅलॅमस यांना पोहोचून वृद्धी हॉर्मोनाचा स्राव आपोआप कमी होतो. या यंत्रणेस ऋण पुनःप्रदाय म्हणतात.

निरोगी माणसात वृद्धी हॉर्मोन अखंड स्रवत नाही. दिवसातून अनेक वेळा, विशेषतः गाढ झोपेत, त्याच्या लाटा उसळतात. मधल्या काळात त्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर येते. रक्तात ते फार वेळ टिकत नाही, सु. वीस मिनिटांत निम्मे नाहीसे होते. याउलट वृद्धिघटक-१ हा रक्तातील वाहक प्रथिनांशी बद्ध असल्याने बराच काळ टिकतो व दिवसभरात त्याच्या पातळीत फारसा चढउतार होत नाही. अर्बुदातील कोशिका पुनःप्रदायाची सूचना पुरेशी मानीत नाहीत; त्यांचा स्राव चालूच राहतो. म्हणजे विशालांगतेतील मूळ दोष हॉर्मोन जास्त असणे एवढाच नसून ते थांबविले असता न थांबणे हा आहे. शस्त्रक्रियेनंतर तपासावयाचे असते ते हेच.

इतिहास : प्येअर मारी या फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिकांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्यास ‘टोकांची वाढ’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. १९०७ मध्ये हेर्मान श्लॉफर यांनी इन्सब्रुक येथे नाकाच्या मार्गाने पोष ग्रंथीच्या अर्बुदावर पहिली शस्त्रक्रिया केली. १९०९ मध्ये अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ हार्व्ही कुशिंग यांनी विशालांगतेच्या एका रुग्णावर अशीच शस्त्रक्रिया केली. त्या काळी हॉर्मोने मोजण्याचे साधन नसल्याने डोकेदुखी थांबणे, दृष्टी सुधारणे व हातापायांची सूज उतरणे यांवरूनच यश ठरवीत. १९६० नंतरच्या दशकात झ्यूल हार्डी यांनी माँट्रिऑल येथे सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रूढ केला व निरोगी ग्रंथी राखून केवळ अर्बुद काढणे शक्य झाले. अलीकडे अंतर्दर्शक नळीचाही वापर होतो.

मापनाच्या बाजूने खरी क्रांती किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाने झाली. सॉलोमन बर्सन व रोझॅलिन यॅलो यांनी ही पद्धती प्रथम इन्शुलिनासाठी शोधली. १९६३ च्या सुमारास ती वृद्धी हॉर्मोनास लागू झाली. रक्ताच्या एका मिलि. मधील एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश, एवढे हॉर्मोन मोजता येऊ लागले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचे सहमानकरी रॉझर गीयमँ व अँड्र्यू शॅली यांचे कार्य अधोथॅलॅमसातील हॉर्मोनांविषयी होते. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने थायरॉक्सिन, इन्शुलिन इ. हॉर्मोनांच्या मापनासाठी लागणारे संच तयार केले. आता बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी द्रव्यांऐवजी प्रकाशोत्सर्जक द्रव्यांवर आधारित स्वयंचलित पद्धती वापरतात.

पहिले काही दिवस : शस्त्रक्रिया नाकातून, कवटीच्या तळाशी असलेल्या जतूकास्थीच्या पोकळीमार्गे करतात. अर्बुद पूर्ण निघाले असल्यास वृद्धी हॉर्मोनाची पातळी काही तासांतच उतरते. ऊतकांत साठलेले पाणी लघवीवाटे जाऊ लागते, घाम कमी होतो, बोटातील अंगठी सैल होते. हे बदल आशादायक असले, तरी निर्णायक नव्हेत. कारण अर्बुदाचा मोठा भाग निघून थोडा उरला असतानाही ते दिसतात. दुसऱ्या बाजूने, वाढलेला जबडा व रुंद झालेली हाडे पूर्ववत होत नाहीत; म्हणून चेहरा न बदलल्याने शस्त्रक्रिया फसली असेही मानता येत नाही. पहिल्या एकदोन दिवसांत सकाळी मोजलेली वृद्धी हॉर्मोनाची पातळी प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅमच्या खाली असल्यास ते शुभचिन्ह समजतात. अंतिम निर्णय त्यावर घेत नाहीत.

या दिवसांतील अधिक तातडीची चाचणी कॉर्टिसॉलाची होय. पोष ग्रंथीतील अधिवृक्क बाह्यक उद्दीपक हॉर्मोन कमी पडल्यास अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल पुरवू शकत नाहीत. रक्तदाब घसरणे, उलट्या, ग्लानी व उपचार न झाल्यास मृत्यू हे त्याचे परिणाम होत. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल प्रति-डेसिलिटर ३ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास त्रुटी निश्चित मानतात. १५ हून अधिक असल्यास पुरवठा बहुधा पुरेसा असतो. मधल्या पातळीच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोनाच्या गोळ्या चालू ठेवून सु. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. चाचणीपूर्वी गोळी घेतली असल्यास मापन निरर्थक ठरते. म्हणून वैद्याच्या सूचनेनुसार आदल्या दिवसाची शेवटची व त्या सकाळची मात्रा रक्त देईपर्यंत थांबवितात. अधिवृक्क ग्रंथींना अंतःक्षेपणाने चेतविण्याची चाचणीही फार लवकर करून उपयोग नसतो. कारण पोष ग्रंथीचे प्रोत्साहन थांबल्यावर अधिवृक्क ग्रंथी क्षीण होण्यास काही आठवडे लागतात व तोवर चाचणी खोटा दिलासा देते.

पाणी व सोडियम : पोष ग्रंथीच्या पश्च खंडातून सुटणारे मूत्रलरोधी हॉर्मोन शरीरातील पाणी राखते. शस्त्रक्रियेत या खंडास धक्का बसल्यास पहिल्या दोन दिवसांत पाण्यासारखी विरळ लघवी फार होते, तहान लागते व रक्तातील सोडियम प्रतिलिटर १४५ मिलिमोलच्या वर जाते. यास उदकमेह म्हणतात. मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. डेस्मोप्रेसीन या औषधाने तो आटोक्यात येतो व बहुधा तात्पुरता असतो. विशालांगतेच्या रुग्णात साठलेले पाणी निघून जात असल्यानेही लघवी वाढते, परंतु त्या वेळी सोडियम वाढत नाही. हा भेद न केल्यास नको असलेले औषध दिले जाते.

याच्या उलट अवस्था पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास येऊ शकते. दुखावलेल्या पश्च खंडातील साठा एकदम मोकळा होऊन शरीरात पाणी अडते व सोडियम १३५ च्या खाली, काहींत १२५ च्याही खाली, उतरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा व शेवटी झटके येतात. हा काळ बहुधा रुग्ण घरी परतल्यानंतरचा असतो. विदर्भातील उन्हाळ्यात अशक्त रुग्णास भरपूर पाणी व सरबते पाजण्याची घरच्यांची रीत असते. या अवस्थेत ती घातक ठरू शकते. म्हणून सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी करण्यास सांगतात. ही तपासणी साधी असून तालुक्याच्या गावीही होऊ शकते.

बारा आठवड्यांनंतरचे मूल्यमापन : वृद्धी हॉर्मोन लवकर उतरले, तरी वृद्धिघटक-१ सावकाश उतरतो. यामुळे विकार शमला की नाही, हे ठरविणारी तपासणी शस्त्रक्रियेनंतर किमान बारा आठवड्यांनी करतात. तीत वृद्धिघटक-१ चे मापन मुख्य असते. त्याची स्वाभाविक पातळी वयाप्रमाणे बदलते. विशीतील तरुणास योग्य असणारा आकडा साठीतील व्यक्तीत रोगदर्शक ठरतो. म्हणून अहवालातील आकडा त्या वयोगटाच्या मर्यादेशी ताडून पहावा लागतो.

त्याच वेळी वृद्धी हॉर्मोनही मोजतात. ते प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅमहून कमी व वृद्धिघटक-१ वयानुरूप असल्यास विकार शमला असे समजतात. वृद्धी हॉर्मोन अधिक असल्यास वा दोन आकडे परस्परविरोधी असल्यास ग्लुकोज-दमन चाचणी करतात. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णास ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाण्यातून देतात आणि त्यापूर्वी व नंतर दर अर्ध्या तासाने दोन तासांपर्यंत रक्त घेतात. साखर वाढली की, निरोगी पोष ग्रंथी वृद्धी हॉर्मोनाचा स्राव आवरते. सर्व नमुन्यांतील नीचतम पातळी प्रतिलिटर ०.४ मायक्रोग्रॅमच्या खाली गेल्यास नियमन पूर्ववत झाले असे मानतात. शेष अर्बुद असल्यास पातळी उतरत नाही, क्वचित उलट वाढते. एका मापनातून हॉर्मोन किती आहे हे कळते. या चाचणीतून ते आवरले जाते की नाही हे कळते. मधुमेह आटोक्यात नसलेल्या रुग्णात मात्र ही चाचणी करीत नाहीत.

अर्बुदाचा शेष भाग पाहण्यासाठी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा, म्हणजे एमआरआय, याच सुमारास घेतात; त्यापूर्वी शस्त्रक्रियेतील रक्त व भरणद्रव्ये यांमुळे चित्र स्पष्ट येत नाही. प्रतिमेत काही न दिसणे व हॉर्मोने स्वाभाविक असणे या भिन्न गोष्टी असून अंतिम कौल हॉर्मोनांचा असतो.

आकड्यांचा अर्थ : कुपोषण, यकृताचे विकार, अनियंत्रित मधुमेह व तोंडाने घेतलेली स्त्रीमदजन हॉर्मोने यांमुळे वृद्धिघटक-१ कमी होतो, अशा रुग्णात तो स्वाभाविक दिसला, तरी विकार लपलेला असू शकतो. किशोरावस्थेत व गरोदरपणाच्या उत्तरार्धात तो स्वभावतःच वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाल टिकणारी अंतःक्षेपणे दिली असल्यास त्यांचा परिणाम ओसरेपर्यंत थांबावे लागते. केसांसाठी वा नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी काही मापनपद्धतींत चुकीचे आकडे येतात. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्यास एकाच रक्ताचे आकडे जुळत नाहीत. त्यामुळे सर्व तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करणे व जुने अहवाल जपून ठेवणे आवश्यक असते. वृद्धी हॉर्मोन स्वाभाविक व वृद्धिघटक-१ किंचित अधिक असे असल्यास घाईने उपचार न करता काही महिन्यांनी पुन्हा मापन करतात, कारण कित्येक रुग्णांत तो त्यानंतरही उतरत राहतो.

अन्य हॉर्मोने : सु. सहा ते बारा आठवड्यांनी अवटू ग्रंथीचे थायरॉक्सिन मोजतात. नेहमीच्या तपासणीत अवटू उद्दीपक हॉर्मोनावर भिस्त असते. परंतु ते पोष ग्रंथीतूनच येत असल्याने येथे ते विश्वसनीय नसते व मुक्त थायरॉक्सिनच पहावे लागते. ते कमी आढळल्यास गोळ्या देण्यापूर्वी कॉर्टिसॉल पुरेसे असल्याची खात्री करतात. कारण थायरॉक्सिनामुळे कॉर्टिसॉलाचा व्यय वाढून संकट ओढवू शकते. पुरुषांत सकाळचे टेस्टोस्टेरोन व स्त्रियांत मासिक पाळीचा क्रम यांवरून जनन ग्रंथींच्या नियमनाची कल्पना येते. अर्बुदाचा दाब गेल्यावर बंद झालेली पाळी पुन्हा सुरू होते व गर्भधारणाही शक्य होते. वृद्धी हॉर्मोन इन्शुलिनविरोधी असल्याने ते उतरताच रक्तशर्करा कमी होते. मधुमेहाच्या औषधांच्या मात्रा वेळीच न घटविल्यास साखर धोकादायक रीत्या उतरते.

शेष विकारावरील उपचार : १० मिमी. पेक्षा लहान अर्बुदांत अनुभवी केंद्रांत सु. ८० ते ९०% रुग्णांत विकार शमतो. मोठ्या अर्बुदांत हे प्रमाण सु. ४० ते ६०% असते. विकार शेष असल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, ऑक्ट्रिओटाइड वा लॅनरिओटाइड यांची दर चार आठवड्यांची अंतःक्षेपणे, कॅबर्गोलिनाच्या गोळ्या अथवा प्रारण-चिकित्सा यांपैकी योग्य तो उपाय योजतात. प्रारणाचा परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात व त्याने निरोगी ग्रंथीही क्षीण होत जाते. त्यामुळे अशा रुग्णात इतर हॉर्मोनांची तपासणी दरवर्षी करतात. पेग्व्हिसोमंट हे औषध वृद्धी हॉर्मोनाची ऊतकांवरील क्रियाच अडविते. ते चालू असताना वृद्धी हॉर्मोनाचे मापन निरुपयोगी ठरते व केवळ वृद्धिघटक-१ पहावा लागतो.

महाराष्ट्रातील सोयी व बुलढाणा जिल्हा : मुंबईत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालय व त्यास जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांची पोष ग्रंथीच्या विकारांविषयीची परंपरा जुनी आहे. तेथील तंत्रिका शस्त्रक्रियातज्ञ होमी दस्तूर व सुनील पंड्या यांनी १९७१ मध्ये रक्तस्राव झालेल्या पोष ग्रंथीच्या अर्बुदांविषयी लेखन केले. २००४ मध्ये अतुल गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ अतिविशाल अर्बुदांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. याच संस्थेतील अंतःस्रावविज्ञान विभागात नलिनी शहा, तुषार बंडगर इ. तज्ञांनी अशा रुग्णांच्या हॉर्मोन-मूल्यमापनाचे कार्य केले आहे.

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. २५.८६ लाख होती. दर दहा लाखांत ४० ते ७० रुग्ण हा या विकाराचा सर्वसाधारण अंदाज लावल्यास जिल्ह्यात सु. १०० ते १८०, म्हणजे तेरांपैकी प्रत्येक तालुक्यात दहाएक, रुग्ण असावेत. एवढ्या विरळ विकाराची ओळख स्थानिक वैद्यास क्वचितच घडते. बुलढाणा शहर लोहमार्गावर नाही. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानके होत. मलकापूरपासून मुंबई सु. ५०० किमी. आहे. अकोला व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून बुलढाणा येथील महाविद्यालयास २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

या अंतरामुळे कामाची वाटणी करणे सोयीचे होते. सोडियम, रक्तशर्करा, लघवीचे मोजमाप, रक्तदाब व वजन ही तपासणी गावाजवळ होऊ शकते. कॉर्टिसॉल, थायरॉक्सिन व वृद्धिघटक-१ यांसाठी रक्तरस वेगळा करून थंड अवस्थेत मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. ग्लुकोज-दमन चाचणी व एमआरआय यांसाठी मात्र बाराव्या आठवड्यानंतरचा एक प्रवास अपरिहार्य असतो. शेतीचा हंगाम, मजुरी बुडणे व आता बरे वाटते आहे ही समजूत यांमुळे तोच प्रवास टळण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. हायड्रोकॉर्टिसोनावर असलेल्या रुग्णाने त्याची नोंद असलेली चिठ्ठी सतत जवळ बाळगणे इष्ट होय. ताप आल्यास गोळीची मात्रा दुप्पट वा तिप्पट करावी लागते आणि उलट्या होत असल्यास अंतःक्षेपणच द्यावे लागते, ही माहिती कुटुंबीयांस व गावच्या वैद्यास असणे आवश्यक असते.

फलानुमान : अनियंत्रित विशालांगतेत हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडणे व बृहदांत्रातील मोड यांचे प्रमाण वाढते आणि आयुर्मान सु. दहा वर्षांनी घटते. वृद्धी हॉर्मोन व वृद्धिघटक-१ स्वाभाविक पातळीवर आणल्यास मृत्युमान सर्वसामान्य लोकांइतके होते. हा लाभ चाचण्यांतील यशाशी निगडित आहे. बरे वाटण्याशी नव्हे. विकार शमल्यावरही काही रुग्णांत तो अनेक वर्षांनी उलटतो. म्हणून वर्षातून एकदा वृद्धिघटक-१ चे मापन आयुष्यभर चालू ठेवतात.